आंघोळीचं पाणी किती गरम? भाजण्यापासून वाचवणाऱ्या व्हॉल्व्हची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात एक काका दोन्ही पावलांवर फोड घेऊन दवाखान्यात आले. वय बहात्तर, मधुमेह वीस वर्षांचा. "नवी चप्पल चावली असेल," असं त्यांना वाटत होतं. फोड चपलेचे नव्हते, भाजल्याचे होते. थोडं खोदून विचारल्यावर उलगडा झाला. ते मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते आणि तिथे बादलीच्या जागी शॉवर होता. काका जुन्या सवयीप्रमाणे आधी पाय पुढे करून पाण्याचा अंदाज घ्यायचे आणि मग आत शिरायचे. त्या दिवशीही पायांनी "कोमट आहे" असा निरोप दिला. पाय काही वेळ धारेखाली राहिले. मग पाणी पाठीवर आलं आणि काका ओरडून मागे सरले. पाठीला काहीच झालं नाही, कारण पाठीने वेळेवर सांगितलं. मधुमेहामुळे नसा बधिर झालेल्या पावलांनी काही सांगितलंच नाही.

जखमा भरायला सात आठवडे गेले. प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी घरात तोच वाद. काकू म्हणायच्या, "मी रोज सांगते, हात लावून बघत जा." मुलगा म्हणायचा, "बाबांनी नळ जास्त फिरवला." काका म्हणायचे, "पाणी तेवढं गरम नव्हतंच हो डॉक्टर."

चूक नक्की कोणाची? हा प्रश्न नवा नाही. घराघरांत नळाला गरम पाणी आलं तेव्हापासून तो विचारला जातो आहे. त्याचं उत्तर शोधताना काही इंजिनिअर, काही शास्त्रज्ञ आणि एक बालरोगतज्ज्ञ मिळून एका छोट्या वस्तूपर्यंत पोचले. ती वस्तू म्हणजे शॉवरमागच्या भिंतीत बसवलेला, पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गरम होऊ न देणारा व्हॉल्व्ह. तिची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे, कारण ती कळली की आपल्या बाथरूममध्ये काय बदलायचं तेही कळतं.

विसण ते गिझर

तुमच्यापैकी काहींनी तांब्याचा बंब पाहिला असेल. मधल्या नळीत लाकडं नाहीतर कोळसे, भोवती पाणी आणि खाली तोटी. बंबातून निघालेलं कढत पाणी बादलीत किंवा घंगाळात घ्यायचं आणि त्यात बेताचं गार पाणी घालायचं. या गार पाण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, विसण. "विसण घातलंस का?" हा प्रश्न प्रत्येक घरात रोज विचारला जायचा. विसण घालून, हाताने ढवळून, पाणी बेताचं झालं की मगच पहिला तांब्या अंगावर. म्हणजे मिसळण आधी, तपासणी मग आणि आंघोळ शेवटी. पाणी एकदा मिसळलं की ते आणखी गरम होण्याची शक्यता नाही, झालं तर गारच होणार.

शॉवरने हा क्रम मोडला. तिथे गरम आणि गार पाणी मिसळतं ते अंगावर पडण्याच्या क्षणभर आधी, आणि मिसळण्याचं काम आंघोळ संपेपर्यंत चालूच असतं. मधेच प्रमाण बिघडलं तर तपासायला वेळच मिळत नाही.

घरात नळातून गरम पाणी आणण्याची खटपट एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सुरू झाली. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम-सजावटीच्या कारागिराने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आइसलंडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या एका झऱ्याचं नाव 'गेसिर' आहे. त्यावरून त्याने आपल्या यंत्राचं नाव ठेवलं 'गीझर'. आपल्या बाथरूममधला 'गिझर' हा शब्द तिथून आला. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, त्यामुळे ते चांगलंच धोकादायक होतं. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या नॉर्वेजियन इंजिनिअरने टाकीत पाणी आपोआप तापवून साठवणारा हीटर बनवला. आता गरम पाणी दिवसभर तयार राहू लागलं. मात्र ते किती गरम असावं, याचा विचार आरोग्याच्या बाजूने कोणी केला नव्हता. पुढे अमेरिकेत कारखान्यातून बाहेर पडणारे हीटर सर्रास ६० अंश सेल्सिअसवर लावलेले असत. कपडे आणि भांडी धुवायला ते सोयीचं वाटे.

भाजायला किती वेळ लागतो?

६० अंश म्हणजे नक्की किती धोका? याचं मोजून दिलेलं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संशोधनातून मिळालं. युद्धात भाजलेल्या सैनिकांचं प्रमाण मोठं होतं, आणि उष्णतेने कातडीचं नेमकं काय होतं हे समजून घेणं गरजेचं झालं होतं. हार्वर्ड विद्यापीठात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक असलेले ॲलन मॉरिट्झ आणि त्यांचे सहकारी हेन्रिकेझ यांनी डुकरांच्या कातडीवर, आणि मर्यादित प्रमाणात स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर प्रयोग केले. डुकराची कातडी बऱ्याच बाबतींत माणसाच्या कातडीसारखी असते. त्यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही गरम पाण्याचे सगळे नियम त्याच आकड्यांवर उभे आहेत.

त्यांनी दाखवलं ते असं: भाजणं हे फक्त तापमानावर ठरत नाही, तापमान आणि वेळ या दोन्हींवर मिळून ठरतं. ४४ अंशांच्या उष्णतेने कातडी कायमची खराब व्हायला साधारण सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला लागणारा वेळ जवळपास निम्मा होत जातो. मोठ्या माणसाच्या कातडीचा बाहेरचा थर पूर्ण मरून गंभीर भाजायला ४९ अंशांना अंदाजे पाच ते दहा मिनिटं लागतात. ५२ अंशांना दीड-दोन मिनिटं, ५४-५५ अंशांना अर्धा मिनिट, ६० अंशांना पाच सेकंद. ६५ अंशांच्या पुढे दोन सेकंदही पुरतात.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ४९ आणि ६० यांत फरक फक्त ११ अंशांचा आहे, पण वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. मिनिटांत माणूस बाजूला होऊ शकतो, नळ बंद करू शकतो, हाक मारू शकतो. पाच सेकंदांत काय होतं? साबण डोळ्यांत गेलेला, फरशी ओली, नळ चाचपडून शोधायचा. तरुण, धडधाकट माणूस बाहेर उडी मारेल. सांधे आखडलेल्या आजी मारू शकणार नाहीत. दीड वर्षाच्या बाळाला तर नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हेच माहीत नसतं. शिवाय लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असते, त्यामुळे त्यांना लागणारा वेळ वरच्या आकड्यांपेक्षाही कमी असतो.

आपल्या शरीरात धोक्याची घंटा आहेच. कातडीतल्या वेदना कळवणाऱ्या नसा साधारण ४३ अंशांच्या आसपास उष्णतेची बोंब मारू लागतात. निसर्गाने ही घंटा नुकसान सुरू होण्याच्या जरा आधीच वाजेल अशी बसवली आहे. पण काकांसारख्या रुग्णांत तिची तारच तुटलेली असते. अर्धांगवायू झालेल्यांत, मणक्याला इजा झालेल्यांत, मद्य किंवा झोपेच्या औषधाच्या अमलाखाली असलेल्यांत आणि आंघोळ करताना फिट आलेल्या माणसात ती वाजत नाही, किंवा वाजली तरी उपयोग होत नाही. "हात लावून बघा" हा सल्ला चांगला आहे, पण तो ज्यांना सर्वात जास्त लागू व्हायला हवा त्यांच्याच बाबतीत तो अपुरा पडतो.

शॉवरखाली अचानक चटका का बसतो?

आता यंत्राकडे वळू. शॉवरचं पाणी मस्त बेताचं लावलेलं असतं आणि अचानक चटका बसतो. तुम्ही नळाला हातही लावलेला नसतो. दुसऱ्या बाथरूममध्ये कोणीतरी फ्लश केलेला असतो.

हिशोब सोपा आहे. गरम पाणी ६० अंश, गार पाणी २० अंश, दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली तर शॉवरमधून ४० अंशांचं पाणी येतं. फ्लशची टाकी भरायला लागली की गार पाण्याच्या पाइपातला दाब उतरतो. समजा शॉवरकडे येणारं गार पाणी निम्मं झालं, गरम तेवढंच राहिलं. मिश्रण जवळपास ४७ अंशांवर जातं. गार पाणी पाव झालं तर ५२ अंशांवर. आणि गार पाणी पूर्ण थांबलं तर सरळ ६० अंशांची धार अंगावर. मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ यांच्या आकड्यांशी हे ताडून पाहा, म्हणजे हा नुसता वैताग नसून धोका आहे हे लक्षात येईल.

गरम-गारची मिसळण सोपी करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी केले. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात आल्फ्रेड मोएन हा विद्यार्थी गॅरेजमध्ये काम करून हात धुवत असताना दोन चाव्यांच्या नळातून एकदम कढत पाणी आलं. त्यातून त्याच्या डोक्यात एकाच दांड्याने गरम-गार मिसळणारा नळ आला, आणि १९४७ मध्ये तो बाजारात आला. आपल्याकडे आज ज्याला 'सिंगल लिव्हर मिक्सर' म्हणतात तो त्याच घराण्यातला. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. या नळाने मिसळणं सोपं झालं, पण दाब बदलला तर तो काहीही करत नाही. "आमच्याकडे मिक्सर आहे" याचा अर्थ "आम्ही सुरक्षित आहोत" असा होत नाही.

दाबाच्या प्रश्नावर उपाय निघाला तो दाब समतोल ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९३९ साली स्वतःची कंपनी काढणाऱ्या पॉल सिमन्स यांचं नाव या व्हॉल्व्हशी जोडलं जातं. त्याचं काम तराजूसारखं चालतं. आत एक छोटा दट्ट्या असतो. त्याच्या एका बाजूला गरम पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला गार पाण्याचा. दोन्ही दाब सारखे असले की दट्ट्या मधोमध. गार पाण्याचा दाब उतरला की गरम पाणी दट्ट्याला गार बाजूकडे ढकलतं, आणि तसं सरकताना दट्ट्या गरम पाण्याचीच वाट अरुंद करतो. म्हणजे गार पाणी जेवढं कमी झालं तेवढं गरमही कमी होतं. शॉवरची धार बारीक होते, पण तापमान जवळपास तेच राहतं. वीज नाही, बॅटरी नाही. पाणीच पाण्याला आवरतं.

यासोबत दांड्याला एक अडसर असतो. प्लंबरने तो एकदा लावून दिला की दांडा ठरावीक जागेपलीकडे गरम बाजूला फिरतच नाही. मुलाने खेळता खेळता नळ पूर्ण फिरवला तरी पाणी त्या मर्यादेतच राहतं.

पण या तराजूला फक्त दाब कळतो, तापमान कळत नाही. गिझरमधलं पाणी ६० ऐवजी ७५ अंशांवर गेलं आणि दाब तोच राहिला, तर दट्ट्या जागचा हलणार नाही, आणि आधीच्या हिशोबातलं ४० अंशांचं पाणी साडेसत्तेचाळीस अंशांचं होईल. उन्हाळ्यात नळाचं गार पाणीच कोमट येतं, तेव्हाही असंच होतं.

मेणाचा दाणा

तापमान ओळखणारं यंत्र त्याआधीपासून होतं. १८३० मध्ये अँड्र्यू उर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या जोडपट्टीचं पेटंट घेतलं. तापल्यावर दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि झडप उघडते किंवा बंद होते. कापडगिरण्यांतलं तापमान राखण्यासाठी त्याला ते हवं होतं, आणि 'थर्मोस्टॅट' हा शब्दही त्याचाच.

शॉवरमध्ये आज बहुतेक ठिकाणी दिसतो तो थर्मोस्टॅट मात्र मेणाचा असतो, आणि तो आला मोटारींच्या जगातून. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने याने मोटारीच्या इंजिनाचं पाणी योग्य तापमानाला ठेवण्यासाठी मेण भरलेली छोटी कुपी वापरली. मेण वितळताना आकारमानाने वाढतं, हे आपण दिवाळीत मेणबत्त्या ओतताना उलट्या बाजूने पाहतो. मेण गोठलं की मधे खड्डा पडतो. बंद कुपीत हेच वाढणारं मेण मोठ्या जोराने एक दांडी बाहेर ढकलतं.

शॉवरच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हमध्ये अशी कुपी मिसळलेल्या पाण्याच्या वाटेतच बसवलेली असते. पाणी हवं त्यापेक्षा गरम झालं की मेण फुगतं, दांडी सरकते, गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि गार पाण्याची रुंद. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग सगळं मागे ढकलते. ही ढकलाढकल आंघोळभर चालू असते आणि तुम्हाला पत्ताही नसतो. गार पाणी पूर्ण बंद झालं तर चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह गरम पाणीही जवळपास बंद करतो. अनेक व्हॉल्व्हच्या चकतीवर ३८ अंशांना एक बटण असतं. ते मुद्दाम दाबल्याशिवाय चकती पुढे जात नाही.

थोडक्यात, विसण घालणारी आजी भिंतीत जाऊन बसली आहे असं समजा. ती प्रत्येक क्षणी पाणी चाखून बघते आणि लागेल तेवढं विसण घालते.

सिॲटलची मुलं आणि एक साधा कायदा

व्हॉल्व्ह तयार होते, आकडे १९४७ पासून छापलेले होते, तरी घरांत मुलं भाजतच होती. सिॲटलमधले बालरोगतज्ज्ञ केनेथ फेल्डमन यांनी नळाच्या पाण्याने भाजलेल्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलं टबात बसलेली असताना स्वतःच नळ फिरवत, किंवा भावंडं फिरवत. काही प्रकरणं तर मुलांना मुद्दाम इजा केल्याची होती. फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते थर्मामीटर घेऊन घराघरांत नळाचं पाणी मोजायला गेले. १९७७ च्या त्या मोजणीत पाण्याचं सरासरी तापमान निघालं ६१ अंश. म्हणजे सामान्य घरातल्या सामान्य नळात पाच सेकंदांत गंभीर भाजेल असं पाणी होतं, आणि बहुतेक आईवडिलांना त्याची कल्पना नव्हती.

"मुलांकडे लक्ष ठेवा" असं त्यांना सांगता आलं असतं, आणि डॉक्टर म्हणून आपण सगळे ते सांगतोच. पण फेल्डमन यांच्या गटाने बोट ठेवलं ते हीटरच्या कळीवर. त्या आग्रहातून वॉशिंग्टन राज्यात १९८३ मध्ये कायदा आला. घरासाठी विकला जाणारा नवा हीटर ४९ अंशांवर लावूनच द्यायचा. घरच्यांना वाटलं तर ते वाढवू शकतात, त्यावर बंदी नव्हती.

पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, पुन्हा घराघरांत जाऊन मोजणी झाली. सरासरी तापमान ६१ वरून ५० अंशांवर आलं होतं. वाढवायची मोकळीक असूनही फार थोड्या लोकांनी ते वाढवलं होतं. आणि नळाच्या पाण्याने भाजून रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्याही कमी झाली होती, भाजण्याचं गांभीर्यही.

मला या गोष्टीतला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. त्या पाच वर्षांत सिॲटलचे आईवडील अचानक जास्त काळजी घेऊ लागले, असं झालं नव्हतं. मुलं पूर्वीसारखीच नळाशी खेळत होती. बदललं होतं ते फक्त पाणी. काळजी घेणं हे माणसाच्या लक्षावर अवलंबून असतं आणि लक्ष कधी ना कधी चुकतंच. एकदाच लावून ठेवलेली कळ चुकत नाही.

मग व्हॉल्व्ह कशाला, गिझरच कमी ठेवू या

इथे एक अडचण आली. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचं संमेलन भरलं होतं. तिथे आलेल्या अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि काहींचा मृत्यू झाला. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने त्यामागचा जंतू शोधला. त्याचं नाव पडलं लिजिओनेला. हा जंतू कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, आणि फवाऱ्यातून श्वासावाटे फुफ्फुसात जातो. पाणी ६० अंशांना ठेवलं तर तो मरतो.

आता आली का पंचाईत? जंतू मारायला ६० अंश हवेत आणि माणूस वाचवायला ४९ च्या खाली. रुग्णालयं, वृद्धाश्रम, हॉटेलं अशा ठिकाणी टाक्या मोठ्या, पाइप लांब आणि राहणारी माणसं नाजूक, तिथे हा पेच खरा आहे. त्याचं उत्तर म्हणजे आपला व्हॉल्व्ह. टाकीत पाणी ६० अंशांना साठवायचं आणि नळाच्या अगदी जवळ व्हॉल्व्ह बसवून ते बेताचं करून सोडायचं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत असे व्हॉल्व्ह नियमाने बसवले जातात. इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या घरांतल्या टबाच्या नळाला ४८ अंशांची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात घरच्या आंघोळीच्या पाण्याला ५० अंशांची, तर वृद्धाश्रम आणि पाळणाघरांत ४५ अंशांची मर्यादा आहे. तुमची मुलं परदेशात असतील आणि तुम्ही तिकडे राहायला गेलात तर शॉवरचा दांडा एका जागी अडकतो असं वाटेल. तो बिघडलेला नसतो, तुमची राखण करत असतो.

आपल्या बाथरूममध्ये काय करायचं?

आपल्याकडे बादली, शॉवर, गिझर, सोलर असं सगळं एकत्र नांदतं. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, गिझरची कळ. साठवणीच्या गिझरला तापमान कमी-जास्त करायची चकती असेल तर ती ५० अंशांच्या आसपास ठेवा. घरच्या छोट्या गिझरमधलं पाणी रोज वापरून संपतं, त्यामुळे तिथे लिजिओनेलाचा धोका तुलनेने कमी असतो. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयवरोपण झालेलं कोणी असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. चकतीवर भरवसा ठेवू नका, एक थर्मामीटर आणून नळाचं पाणी एकदा मोजाच. आंघोळीला ३७ ते ४० अंश पुरतात.

दुसरी गोष्ट, सोलर. कडक उन्हाच्या दिवसांत सोलरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांच्या बरंच वर जाऊ शकतं आणि त्याला कमी करायची कळ नसते. शिवाय गच्चीपासून खालपर्यंतच्या पाइपातलं गार पाणी आधी येतं, आपण नळ पूर्ण उघडून वाट बघतो, आणि मग एकदम कढत धार येते. सोलर असलेल्या घरात वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हचा खर्च करण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व्ह घेताना. दुकानात "थर्मोस्टॅटिक" असा शब्द स्पष्ट विचारा. डायव्हर्टर किंवा साधा मिक्सर म्हणजे हा व्हॉल्व्ह नव्हे. त्याला किमान किती दाब लागतो ते बघा, कारण गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब कमी असतो. दोन्ही पाइपांवर जाळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेत. बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार साचून व्हॉल्व्ह अडकतो, म्हणून वर्षातून एकदा साफ करून घ्या. साफ केल्यावर गार पाण्याचा कॉक बंद करून बघा, शॉवरमधली गरम धारही जवळपास थांबली पाहिजे. ही तपासणी शॉवरच्या बाहेर उभं राहून करा.

चौथी गोष्ट, व्हॉल्व्ह नसेल तर. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम. आपली रीत गरम पाण्यात विसण घालायची आहे, पण घरात रांगतं मूल असेल तर हा क्रम उलटा करा, कारण कढत पाण्याची बादली क्षणभरही एकटी राहायला नको. शॉवरमध्येही आधी गार नळ उघडा, बंद करताना आधी गरम बंद करा. पाणी कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने तपासा. मधुमेह असलेल्यांनी पायाने कधीही तपासू नये.

आणि भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल नको. अंगठी, बांगड्या लगेच काढा. लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही असेल, चेहरा, हात, पाय किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, किंवा भाजलेली जागा मोठी असेल तर घरी थांबू नका, दवाखान्यात या.

काकांच्या घरचा वाद शेवटी कसा मिटला ते सांगतो. मी मुलाला थर्मामीटर घेऊन गिझरचं पाणी मोजायला सांगितलं. ते ६८ अंश निघालं. त्या आकड्यानंतर कोणीच कोणाला बोललं नाही. काकू सांगत होत्या, काका तपासत होते, मुलाने चांगला गिझर आणला होता. सगळे आपापल्या परीने काळजीच घेत होते. आता गिझर ५० वर आहे आणि शॉवरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसला आहे. काका अजूनही सवयीने आधी पायच पुढे करतात, असं काकू परवा सांगत होत्या.

आज संध्याकाळी तुमच्या गिझरची चकती कुठे आहे ते एकदा बघून घ्या.